बायोडेटा नावापाशीच मिटतो

तालुक्याच्या कुठल्याही गावात व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासात जा, भिंतीवर एक वाक्य हमखास लावलेलं दिसेल : ‘फर्स्ट इम्प्रेशन इज द लास्ट इम्प्रेशन.’ सर सांगतात, बुटाला पॉलिश हवं, दाढी नीट केलेली हवी, ताठ बसा, नजरेला नजर द्या. मीही असा क्लास केला आहे. फी भरली, टाय बांधायला शिकलो. त्या वर्गात एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही, मीही नाही. ज्याची छाप तो दारातून आत येण्याआधीच, कागदावरच्या नावाच्या ओळीतच पडून गेलेली असते, त्याने कुठल्या बुटाला पॉलिश करायचं?

माझ्या एका मित्राचं आडनाव पाटील. सातारा-सांगलीकडे मुसलमानांत पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावं नवी नाहीत. तो अर्जावर स्वतःचं आणि वडिलांचं नाव आद्याक्षरांत लिहायचा आणि पुढे पाटील. फोन यायचे. बोलणं अस्सल मराठीत, हसतखेळत व्हायचं. गाव कुठलं, ऊस किती, पाऊस कसा. मग मुलाखतीच्या टेबलावर मूळ कागदपत्रं उघडली जायची आणि पूर्ण नाव दिसायचं. ‘अच्छा, तुम्ही ते पाटील होय.’ त्यानंतर उसाची चौकशी बंद. प्रश्न तेच राहायचे, आवाज बदलायचा. तो म्हणतो, ‘अपमान कुणी केला नाही रे. चहा सुद्धा दिला. फक्त मुलाखत त्या क्षणी संपली होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.’

असं काही सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं : तुमच्या मनाचे खेळ आहेत हे. तेव्हा मनाचं राहू दे, आकड्यांकडे येऊ.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी एक साधा प्रयोग केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, फरक फक्त नावात. एक नाव उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. निष्कर्ष २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश.

पंधरा वर्षं गेली. जाहिराती कागदावरून मोबाइलवर आल्या. २०२२ साली लेडबाय फाउंडेशनने असाच प्रयोग मुलींच्या नावाने केला. एक हजार नोकऱ्यांसाठी एकाच पात्रतेचे दोन-दोन अर्ज गेले, एक प्रियंका शर्मा या नावाने, दुसरा हबीबा अली या नावाने. दोघीही कागदावरच्याच. प्रियंकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३ ठिकाणांहून.

हे आकडे नीट वाचा, मित्रांनो, कारण आपल्याला जन्मभर ऐकवल्या जाणाऱ्या एका वाक्याचं उत्तर त्यांत आहे. ‘तुमच्यात शिक्षणच कमी, मग नोकऱ्या कशा मिळणार?’ शिक्षणाची गळती खरी आहे. ती आपली लढाई आहे आणि ती आपण लढायलाच हवी. पण या प्रयोगांत पदवी सारखीच होती. हबीबा कमी शिकलेली नव्हती. ती लाजली नाही, अडखळली नाही, तिचा बुरखा कुणी पाहिला नाही, तिचं हिंदी-इंग्रजी कुणी ऐकलं नाही. ती कुणाला भेटलीच नाही. तरीही तिचा बायोडेटा निम्म्या ठिकाणी नावापाशीच मिटला. म्हणजे मधला फरक शिक्षणाच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि हा हिशेब पहिल्या फेरीचा आहे. मुलाखतीच्या खोलीत काय होतं, ते यात मोजलेलंच नाही.

त्या खोलीत जो बसलेला असतो, त्याचा एक अभिमान असतो : ‘वीस वर्षं माणसं पारखतोय. एका नजरेत कळतं.’ शितावरून भाताची परीक्षा, असं तो म्हणतो. म्हणीत खोट नाही, पण ती भाताची आहे. एकाच भांड्यातले तांदूळ, एकच पाणी, एकच आच, म्हणून एक शीत दाबून बाकीच्यांचं कळतं. माणसाच्या बाबतीत शीत म्हणजे काय? हात मिळवण्याची पद्धत? इंग्रजीतला एखादा उच्चार? कपाळावरचा नमाजाचा डाग? यातल्या कुठल्या शितावरून कळतं की हा माणूस महिनाअखेरीचा स्टॉक बरोबर जुळवेल?

एका नजरेत मत बनतं, हे मात्र खरं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी २००६ साली दाखवलं की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी लोक त्याच्या लायकीबद्दल, विश्वासूपणाबद्दल मत बनवतात. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. वेळ वाढवून दिला तेव्हा मत फारसं बदललं नाही, फक्त मत देणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास वाढला. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत नेमकं हेच होतं. पहिल्या मिनिटात निकाल लागतो, उरलेल्या एकोणतीस मिनिटांत त्याला पुरावे गोळा केले जातात. आवडलेला उमेदवार अडखळला तर ‘नर्व्हस आहे, होईल तयार’. न आवडलेला अडखळला तर ‘बेसिक कच्चं आहे’.

हेही नवं नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे गुण वेगवेगळे द्यायचे होते. पण एकात ज्याला वर ठेवलं, त्याला सगळ्यांतच वर ठेवलेलं आढळलं. एका गोष्टीचा उजेड सगळ्या माणसावर पडतो. आणि ज्या समाजात एखाद्या नावाभोवती उजेडाऐवजी संशय पसरवण्याचं काम सकाळ-संध्याकाळ चालू आहे, तिथे त्या नावाच्या माणसावर काय पडणार?

उघड कुणी ‘मुसलमान नको’ म्हणत नाही. त्यासाठी सभ्य शब्द तयार आहेत. ‘कल्चर फिट नाही.’ ‘टीममध्ये मिसळेल असं वाटत नाही.’ ‘क्लायंटला चालेल का, बघावं लागेल.’ आणि सगळ्यांत निरागस प्रश्न : ‘घरी कोण कोण असतं? वडील काय करतात?’ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली लिहिलेल्या अभ्यासात हीच गोष्ट पुढे आली. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं सगळे ठामपणे सांगत होते आणि त्याच दमात उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणं किती गरजेचं, हेही सांगत होते. वडील काय करतात यावरून मुलाची गुणवत्ता ठरत असेल, तर ती मुलाची गुणवत्ता कशी? हा प्रश्न एकट्या मुसलमानाचा नाही. ज्या दलित, भटक्या, आदिवासी मुलाच्या घरी कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, त्यालाही हाच प्रश्न आडवा येतो.

आपल्याला आणखी एक कौतुक वाट्याला येतं. ‘तुमचं मराठी किती छान आहे!’ आणि त्याचा सख्खा भाऊ : ‘तुम्ही मुस्लिम वाटतच नाही.’ बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट नसतं. पण त्या वाक्यातली अट ऐका. मुस्लिम ‘वाटणारा’ कसा असतो, हे आधीच ठरलेलं आहे आणि तू त्यातून सुटलास म्हणून तुझं अभिनंदन. शेख महंमदांनी श्रीगोंद्यात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ वाजवून गळा मोकळा केला. या भाषेत आपण पाहुणे नाही. चोखोबांचा उसाचा अभंग शाळेत आपल्याही तोंडपाठ होता. वरचा रंग बघू नये, हे महाराष्ट्राने पाठ करून घेतलं, नोकरी देताना मात्र तो धडा ऑप्शनला टाकला.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याला बोल लावायचा अधिकार मला नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात विभागप्रमुख होतो आणि निवड समितीत बसायचो. गुणवत्ता तपासणीच्या जागेसाठी एक मुलगी आली. रसायनशास्त्रात पदवी, गुण चांगले, बुरखा घातलेली, चेहरा उघडा. टेबलावरच्या तिघांत मुसलमान मी एकटा. मी तिला विचारलं : रोजचं येणं-जाणं जमेल का? घरून परवानगी आहे का? लग्न ठरलंय का? त्या दिवशी आलेल्या बाकी सहा उमेदवारांपैकी एकालाही मी हे विचारलं नव्हतं. त्यांना मी मोजमापाच्या उपकरणांबद्दल विचारलं होतं. तिला त्याबद्दल विचारायचं राहूनच गेलं. ती शांतपणे म्हणाली, ‘सर, परवानगी नसती तर दोन बस बदलून आले असते का?’ मी कागदावर लिहिलं : टिकेल असं वाटत नाही.

खरं कारण मला त्याच रात्री माहीत होतं. मला भीती होती की तिची बाजू घेतली तर म्हणतील, ‘आपल्या माणसाला घुसवतोय.’ म्हणून मी तिच्याशी जास्त कडक वागलो. माझी निःपक्षपाती छाप टिकवण्यासाठी मी तिचा बळी दिला. महिन्याभराने त्या जागेचा विषय निघाला तेव्हा समितीतले सहकारी सहज म्हणाले, ‘मुलगी चांगली होती हो. पण तुमच्याच समाजाची, तुम्हीच नको म्हणालात, मग आम्ही काय बोलणार?’ ते वाक्य माझ्यापासून आजही हललेलं नाही. पूर्वग्रह ही फक्त समोरच्या बाकावरची वस्ती आहे, असं मानणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा सांगतो. तो माझ्याही घरात राहत होता, आणि माझ्या तोंडून बोलला.

आता आपल्या संस्थांकडे बघू. समाजाच्या नावाने चालणाऱ्या शाळा, पतसंस्था, दवाखाने, कारखाने आपल्याकडे आहेत. तिथे निवड कशी होते? शिक्षकाच्या जागेसाठी आलेल्या मुलाला शिकवायला सांगतात का? की आधी विचारतात, कुणाचा मुलगा, कुठल्या बिरादरीचा, कुठल्या मसलकचा? बागवान, आत्तार, तांबोळी, पिंजारी, मुलाणी या नावांना आपल्यातलेच काही शरीफजादे कुठल्या रांगेत उभे करतात, हे बाहेरच्याने सांगायची गरज नाही. अध्यक्षांचा भाचा आधीच ठरलेला असतो आणि मुलाखतीसाठी चाळीस मुलांना एसटीचं भाडं खर्चून बोलावलेलं असतं. वहम आणि बदगुमानी याबद्दल जुम्म्याच्या बयानात ऐकतो. सूरह अबसाची हकिगत ऐकून डोळे ओलावतात, एका अंध माणसाकडे पाठ फिरवल्याबद्दल थेट पैगंबरांना आलेली ती समज. बयान संपतं, चपला घालतो आणि संस्थेच्या कार्यालयात जाऊन तेच करतो. जो न्याय आपण मागतो, तो आपल्या हातात असताना देणार नसू, तर ती मागणी न्यायाची राहत नाही. ती फक्त पाळीची मागणी होते.

काही जण म्हणतात, कंपनी मालकाची, पैसा मालकाचा, तो हवा त्याला ठेवील. ठीक. पण त्याच मालकाने अपंग व्यक्तीला अपंगत्वामुळे डावलू नये, असं २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. एचआयव्हीबाधित व्यक्तीला नोकरीत भेदभाव करू नये, असं २०१७चा कायदा सांगतो. तृतीयपंथी व्यक्तींबाबत २०१९चा कायदा हेच म्हणतो. हे तिन्ही कायदे खासगी कंपनीच्या दारातून आत जातात. म्हणजे मालकाची मर्जी बेलगाम नाही, हे तत्त्व या देशाने मान्य केलेलं आहे. धर्म आणि जातीपाशी आलं की मात्र कायदा उंबऱ्यावर थांबतो. संविधानाचं कलम १६ धर्म, जात, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ते सरकारी नोकरीपुरतं. नोकऱ्या खासगीत गेल्या, संरक्षण सरकारी दारातच राहिलं.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. तेव्हा लोकसंख्येत १३.४ टक्के असलेले मुसलमान आयएएसमध्ये ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के होते. हे आकडे आपण सभांमध्ये शंभरदा ऐकले. त्याच अहवालातली समान संधी आयोगाची शिफारस मात्र किती जणांच्या लक्षात आहे? डावललं गेल्याची तक्रार घेऊन जायला एक दार असावं, एवढीच ती मागणी. प्रा. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ साली विधेयकाचा मसुदाही दिला. कायदा आजतागायत झाला नाही. २०१५ साली मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीने एमबीए झालेल्या तरुणाला ईमेलवरच कळवलं की आम्ही फक्त मुस्लिमेतरांना घेतो. गदारोळ झाला तेव्हा शिकाऊ कर्मचाऱ्याची चूक, असा खुलासा आला. शिकाऊच असणार! अनुभवी माणूस असं लिहून कशाला देईल? तो ‘नंतर कळवतो’ म्हणतो आणि कळवत नाही. त्याच्याविरुद्ध पुरावा कुठून आणायचा? म्हणूनच आयोग हवा, ज्याला कंपनीचं दप्तर मागवता येईल, किती अर्ज आले, कुणाला बोलावलं, कुणाला का नाकारलं, हे विचारता येईल.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर जे करता येतं, ते अवघड नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली तेच आकडे पुन्हा तपासले. दोन्हींत एक गोष्ट कायम राहिली. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, ठरलेल्या निकषांवर गुण, अशी मुलाखत गप्पांच्या मुलाखतीपेक्षा माणसाचं पुढचं काम जास्त चांगलं ओळखते. म्हणजे ही मुसलमानांवर मेहरबानी नाही, कंपनीचाच फायदा आहे. हिशेबनीस हवा असेल तर हिशेब करायला द्या. शिक्षक हवा असेल तर वर्गावर पाठवा. समितीतल्या प्रत्येकाने आपापले गुण आधी लिहावेत, मग बोलावं. नाकारलं तर कारण लिहावं, आणि ‘वाटत नाही’ हे कारण समजू नये.

पहिल्या फेरीत नाव, फोटो, पत्ता झाकावा, हेही सुचवलं जातं. करून बघावं. पण त्यावर विसंबू नये. मोमिनपुऱ्याचा पत्ता झाकला तरी उर्दू शाळेचं नाव बोलतंच. फ्रान्समध्ये नाव झाकून अर्ज पाहण्याचा मोठा प्रयोग झाला, तेव्हा त्यात सहभागी कंपन्यांत स्थलांतरितांच्या मुलांना उलट कमी बोलावणी आली. झाकपाक पुरेशी नसते, पुढची मुलाखतही सुधारावी लागते.

आणि तुम्ही? तुम्हाला सांगायला मी टाय बांधायचा क्लास घेणार नाही. नीट कपडे घाला, वेळेवर जा, ते कुणीही करावं. पण नाव बदलू नका, आद्याक्षरांमागे लपू नका. माझा मित्र लपला, त्याचा अपमान टळला नाही, फक्त दोन आठवडे पुढे गेला. नकार आला की ‘आपल्याला देतच नाहीत’ म्हणून अर्ज करणं सोडू नका. हबीबाला १०३ दारं उघडली होती, हे तितकंच खरं आहे, आणि बंद दारांचा राग त्या उघड्या दारांवर काढण्यात शहाणपण नाही. अर्जाची तारीख, जाहिरात, आलेलं उत्तर जपून ठेवा. उद्या आयोग झाला तर तुमच्या वह्या हाच त्याचा पुरावा असेल.

आणि ज्या दिवशी तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसाल, तो दिवस येणारच आहे, त्या दिवशी दारातून कुणीतरी आत येईल. पारध्याचा मुलगा असेल, मराठवाड्यातून आलेला, बोलताना गावची ढब लपवता न येणारा. किंवा दोन बस बदलून आलेली एखादी मुलगी. पहिल्या मिनिटात तुमच्याही मनात काहीतरी उमटेल, ते कुणाला चुकलेलं नाही. फक्त ते लिहू नका. तिला उपकरणांबद्दल विचारा.